खेळ वीस मिनिटांचा, बोलणं पाऊण तासाचं

प्रश्न वाळूज एमआयडीसीतून आलाय. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात एचआर पाहणाऱ्या एका ताईंनी विचारलंय: "दरवर्षी आम्ही आमच्या ३० सुपरवायझर आणि लाइन लीडरना दोन दिवस रिसॉर्टवर नेतो. खेळ होतात, फोटो निघतात, फीडबॅक फॉर्मवर सगळे 'उत्तम' लिहितात. पंधरा दिवसांत शॉपवर, म्हणजे मशिनं चालतात तिथं, पुन्हा तेच. शिफ्ट बदलताना वाद, मेंटेनन्स आणि प्रॉडक्शनची एकमेकांवर ढकलाढकली, नवीन पोरं तर तोंडच उघडत नाहीत. अनुभवातून शिकवायची ही पद्धत खरंच उपयोगी पडते का? पडत असेल तर आमचं काय चुकतंय? आणि बाहेरचा ट्रेनर बोलवावा की आपलाच माणूस तयार करावा?"

ताई, पद्धत उपयोगी पडते. गेली २१ वर्षं मी हेच काम करतोय. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याचे कारखाने, जालन्यातल्या बियाणं कंपन्या आणि सळईच्या मिल, लातूरच्या डाळ मिल, मध्येच एखादी पतसंस्था. तुमची तक्रार मी दरवर्षी पाच-सहा ठिकाणी ऐकतो. मग मी त्यांचं वेळापत्रक मागवतो, आणि कारण बहुतेक वेळा त्यातच सापडतं. नऊ ते अकरा खेळ, अकराला चहा, साडेअकरा ते एक पुन्हा खेळ, एक वाजता जेवण. खेळ संपल्यावर त्यावर बोलायला वेळच ठेवलेला नसतो. पेरणी झाली, पण कोळपणी झालीच नाही, असा तो प्रकार आहे.

आधी एक प्रसंग सांगतो, म्हणजे माझं म्हणणं नीट लक्षात येईल.

तुमच्याच पट्ट्यातला एक कारखाना. १४ जण होते, काही सुपरवायझर, मशिन जुळवून देणारे दोन सेटर, बाकी ऑपरेटर. कँटीनमागच्या मोकळ्या जागेत साधारण वीस मीटर लांबीची दोरी, दोन्ही टोकं एकमेकांना बांधलेली. सगळ्यांच्या डोळ्यांवर रुमाल. काम एवढंच की पंधरा मिनिटांत त्या दोरीचा चौकोन करायचा, दोरीवरचा हात कुणीही सोडायचा नाही. हा खेळ जुना आहे आणि सोपा वाटतो. डोळे झाकले की दुसऱ्याच मिनिटाला एका सुपरवायझरचा आवाज चढला. अठरा वर्षं नोकरी झालेला, कामात पक्का माणूस. "सगळे थांबा, मी सांगतो तसं करा." समोरच्या बाजूनं दुसऱ्याचा आवाज, "अहो, आधी मोजून घ्या, मोजून." आठ मिनिटं हे दोनच आवाज. मधे एक बारीक आवाज आला, "कोपरा माझ्याकडं आहे, मला धरून चला." थोड्या वेळानं पुन्हा तेच. मग तिसऱ्यांदा. मग तो आवाज बंद झाला.

रुमाल काढले तेव्हा दोरीची करंजी झाली होती. सगळे खळखळून हसले. रिसॉर्टवर इथेच टाळ्या वाजतात आणि पुढचा खेळ सुरू होतो.

मी दोरी तशीच जमिनीवर ठेवायला सांगितली आणि सगळ्यांना तिच्याभोवती बसवलं. पहिला प्रश्न विचारला: काय काय घडलं ते क्रमानं सांगा, का घडलं ते आत्ता नको. पाच-सहा जण बोलले. मग जे बोलले नव्हते त्यांच्याकडं वळलो. वैजापूरकडचा एक पोरगा होता, आयटीआय झालेला, कंत्राटावर लागून आठ महिने झालेले. तो दोरीकडं बघत म्हणाला, "साहेब, कोपरा माझ्या हातात होता. मी तीनदा म्हनलो. कोणी ऐकलंच नाही."

तो जुना सुपरवायझर त्याच्याकडं वळला. "कधी म्हनला रे?"

"तुम्ही 'उजवीकडं सरका' म्हनत होते ना, तव्हा."

त्यानंतर अर्धा मिनिट कुणीच बोललं नाही. त्या अर्ध्या मिनिटात माझं काम एकच होतं, तोंड बंद ठेवणं. नव्या ट्रेनरला हेच सर्वांत अवघड जातं. शांतता झाली की त्याला वाटतं आपण काहीतरी बोललं पाहिजे, आणि तो 'बघा, म्हणजे संवाद किती महत्त्वाचा' असं काहीतरी बोलून ती शांतता मोडतो.

पुढचा प्रश्न मी विचारला: शॉपवर असं कधी होतं? उत्तर एका सेटरनं दिलं. मागच्या महिन्यात थर्ड शिफ्टला एका सीएनसीच्या (संगणकावर चालणाऱ्या मशिनच्या) स्पिंडलचा, म्हणजे फिरणाऱ्या दांड्याचा, आवाज बदलला होता. ऑपरेटरनं सकाळी सुटताना तसं सांगितलंही होतं. पण फर्स्ट शिफ्टचा सुपरवायझर नग मोजण्यात गुंतला होता, त्यानं नुसती मान हलवली. दहाच्या सुमाराला तपासणीत बोअर, म्हणजे नगातलं भोक, मापाबाहेर गेलेला निघाला आणि नगांचा अख्खा बिन रिजेक्शनला गेला. सांगणारा ऑपरेटर आणि मान हलवणारा सुपरवायझर, दोघंही त्याच गोलात बसले होते. पुढची चाळीस मिनिटं शिफ्ट बदलण्यावर चर्चा झाली. दोरीचं नावही कुणी काढलं नाही.

या सगळ्याला शास्त्र आहे आणि ते तुमच्या व्यवस्थापनाला सांगायला उपयोगी पडेल, म्हणून थोडक्यात लिहितो. डेव्हिड कोल्ब या अमेरिकन अभ्यासकानं १९८४ साली अनुभवातून शिकण्याचं चक्र मांडलं. आधी काहीतरी प्रत्यक्ष घडतं. मग आपण थांबून जे घडलं ते न्याहाळतो. त्यातून एखादा नियम, एखादा अंदाज बांधतो. आणि तो अंदाज पुढच्या कामात करून बघतो. करून बघितलं की पुन्हा नवा अनुभव हाती येतो, म्हणून त्याला चक्र म्हणायचं. तुमच्या दोन दिवसांत यातला पहिला टप्पा भरपूर होतो, बाकीचे तीन होतच नाहीत.

कोल्बनं ज्यांचा आधार घेतला त्यात अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई होते. हे तेच ड्यूई, ज्यांच्याकडे बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकले. अनुभव आणि शिक्षण यांच्या नात्यावर ड्यूईंनी १९३८ साली लिहिलं, तेव्हा एक इशाराही देऊन ठेवला: प्रत्येक अनुभव शहाणं करतोच असं नाही, काही अनुभव उलटं शिकवून जातात. माझ्या कामात मला हा इशारा सगळ्यांत मोलाचा वाटतो. दोरीच्या खेळात मोठ्या आवाजाचा माणूस जिंकला आणि त्यावर कुणी बोललंच नाही, तर १४ जण एवढंच शिकून जातात की आवाज मोठा ठेवावा. गप्प बसलेला पोरगा गप्प बसायलाच शिकतो. म्हणजे तुमच्या खर्चानं तुमची अडचण आणखी पक्की होते.

खेळापेक्षा त्यावरचं बोलणं जास्त शिकवतं, हे पहिल्यांदा लक्षात आलं तो किस्साही मला फार आवडतो. १९४६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात कर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञानं कार्यकर्त्यांसाठी शिबिर घेतलं होतं. दिवसा गटचर्चा व्हायच्या आणि रात्री अभ्यासक मंडळी बसून कोणत्या गटात कोण कसं वागलं याच्या नोंदी ताडून बघायची. एका रात्री शिबिरार्थींपैकी काही जण त्या बैठकीत येऊन बसले. आपल्याविषयीची नोंद कानावर पडताच त्यातली एक बाई म्हणाली, असं घडलंच नाही. वाद रंगला, आणि त्यात दिवसभरापेक्षा जास्त शिकायला मिळतंय हे सगळ्यांनाच जाणवलं. पुढच्या रात्रींना बाकीचे शिबिरार्थीही यायला लागले. या पद्धतीची सुरुवात बऱ्याच अंशी त्या रात्रीच्या बैठकीतून झाली.

पण यासाठी अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. माउलींच्या पालखी सोहळ्यात आपल्याकडच्या कितीतरी दिंड्या चालतात, तुमच्या शॉपवरही दोन-चार जण वारी केलेले असतील. त्यांना समाजआरतीचं विचारा. मुक्कामाच्या ठिकाणी संध्याकाळी सगळ्या दिंड्या जमतात, टाळमृदंगाचा गजर चालू असतो. चोपदार दंड उंचावतो आणि हजारो माणसं एका क्षणात शांत होतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. मग चोपदार त्या दिंडीपाशी जातो, गाऱ्हाणं ऐकून घेतो, त्याचा निकाल लागतो आणि मगच आरती होते. दिवसभर एकत्र चालून आल्यावर, उद्याची वाट धरण्याआधी, आजचं मागं ठेवायचं नाही अशी ही रीत आहे. चर्चेसाठी गोल करून बसलं की मी बऱ्याचदा हेच सांगतो: ज्याला काही खुपलंय त्यानं टाळ वाजवत राहायचं. वारी केलेला एखादा असला की तो लगेच हसतो, आणि बाकीच्यांना तो माझ्यापेक्षा चांगलं समजावून सांगतो.

आता त्या कारखान्यात पुढं काय झालं ते. पाऊण तासाच्या चर्चेनंतर त्यांनीच ठरवलं की शिफ्ट बदल मशिनपाशी उभं राहून करायचा. जाणारा ऑपरेटर आधी बोलणार, येणारा त्यानं काय ऐकलं ते परत सांगणार, सुपरवायझर शेवटी. मी एवढंच म्हटलं की तीन आठवडे करून बघा, मग मी येतो.

तीन आठवड्यांनी गेलो. थर्डकडून फर्स्टला बदल उत्तम चालला होता. फर्स्टकडून सेकंडला बरा. सेकंडकडून थर्डला मात्र पार बोजवारा. पहिल्यांदा सगळे म्हणाले, सेकंड शिफ्टची माणसं आळशी आहेत. खोदून विचारलं तेव्हा कळलं की सेकंड शिफ्ट सुटली की दहाव्या मिनिटाला कंपनीची बस निघते. ती चुकली तर रात्री गंगापूर रोडला जायला काही मिळत नाही. मशिनपाशी उभं राहून बोलत बसायला कुणाचं मन होणार? बसची वेळ बदलणं त्या १४ जणांपैकी कुणाच्याच हातात नव्हतं, ते फक्त प्लांट हेड करू शकत होते. त्यांनी बस पंधरा मिनिटं उशिरा सोडायला लावली. माझ्या मते त्या सगळ्या कार्यक्रमातला नेतृत्वाचा खरा धडा हा होता, आणि तो प्लांट हेडला मिळाला: आपली माणसं ऐकत नाहीत असं वाटतं तेव्हा आधी बसची वेळ बघावी.

म्हणून माझा आग्रह असतो की दोन दिवस सलग देण्याऐवजी अर्ध्या अर्ध्या दिवसाची चार सत्रं घ्या, मध्ये तीन-तीन आठवड्यांचं अंतर ठेवून. मधल्या काळात एक खरं काम हातात द्यायचं. दुसऱ्या सत्राची सुरुवात त्या कामाचं काय झालं यानं करायची, खेळ नंतर. रिसॉर्टची गरजच नाही. कँटीन, ट्रेनिंग हॉल, गोडाऊनमधली मोकळी जागा पुरते. एका गटात १२ ते १६ माणसं, त्यापेक्षा जास्त झाली की गप्प बसणाऱ्याला लपायला जागा मिळते. तुमचे ३० जण आहेत, दोन गट करा आणि दोन्हींत प्रॉडक्शन, मेंटेनन्स, क्वालिटी मिसळून घ्या.

चर्चा त्यांच्या बोलीत होऊ द्या. वाळूजच्या शॉपवर मराठी आहे, दखनी आहे, बिहार-यूपीकडची हिंदी आहे. इंग्रजी स्लाइड लावली की निम्मे जण मनातून उठून जातात. आणि तारखा ठरवताना हंगाम बघा. सोयाबीन काढणीच्या दिवसांत, ऑक्टोबरमध्ये, गावाकडं शेती असलेल्या माणसाचं चित्त थाऱ्यावर नसतं. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीपार जातो, तेव्हा उघड्यावर काही करायचंच असेल तर सकाळी साडेसहाला करा, नाहीतर करू नका. मी बाहेरचे कार्यक्रम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच घेतो.

मेंटेनन्स आणि प्रॉडक्शनच्या ढकलाढकलीवर मला सर्वांत लागू पडलेला उपाय खेळाचा नाही. रेग रेव्हन्स नावाच्या इंग्रज माणसानं १९४५ नंतर ब्रिटनच्या कोळसा खाणींत एक गोष्ट सुरू केली. खाणीच्या व्यवस्थापकांना वर्गात बसवण्याऐवजी त्यांना एकमेकांच्या खाणी बघायला आणि एकमेकांना प्रश्न विचारायला लावलं. त्याचं म्हणणं होतं की पुस्तकातलं ज्ञान लागतंच, पण त्याच्या जोडीला नेमका प्रश्न विचारता आला पाहिजे. तुमच्याकडं हे असं करता येईल: प्रॉडक्शनच्या सुपरवायझरनं एक अख्खी शिफ्ट मेंटेनन्सच्या माणसाबरोबर फिरायचं, हातात त्याची टूल बॅग घेऊन. पुढच्या आठवड्यात उलट. फिरताना सल्ला द्यायचा नाही, फक्त विचारायचं. शेवटी दोघांनी मिळून एकच बिघाड निवडायचा, जो वारंवार येतो, आणि त्याच्या मुळाशी जायचं. एका कारखान्यात प्रॉडक्शनवाल्यानं पहिल्यांदाच बघितलं की मशिन बंद पडल्याचा निरोप फिटरपर्यंत पोचायलाच वीस-पंचवीस मिनिटं जातात, आणि तोवर आपण 'मेंटेनन्स येतच नाही' असं रजिस्टरला लिहीत असतो.

आता वरच्या माणसांविषयी, कारण सुपरवायझर शिकून आले आणि मॅनेजर होते तसेच राहिले तर काही उरत नाही. त्यांच्यासाठी मी एक खेळ हमखास घेतो. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत १९६० च्या सुमारास जे फॉरेस्टर यांच्या गटानं तो बनवला. मूळ खेळ बिअरच्या खोक्यांचा आहे. मी जालन्यात तो कापसाच्या बियाण्यावर बेतला, पाकिटांच्या जागी चिंचोके.

चार टेबलं मांडायची: गावातलं कृषी सेवा केंद्र, तालुक्याचा डीलर, जिल्ह्याचा डिस्ट्रिब्युटर आणि कंपनीचा प्रोसेसिंग प्लांट. एकमेकांशी बोलायचं नाही, फक्त ऑर्डरची चिठ्ठी सरकवायची. एक फेरी म्हणजे एक आठवडा. चिठ्ठी वर पोचायला वेळ लागतो, माल खाली यायला आणखी दोन आठवडे. पडून असलेल्या प्रत्येक पाकिटाला अर्धा रुपया खर्च, मागणी असून देता न आलेल्या पाकिटाला एक रुपया. शेतकऱ्याची मागणी किती हे फक्त सेवा केंद्राच्या टेबलाला कळतं, दर फेरीला एक पत्ता उलटून.

पंधराव्या फेरीपर्यंत खोलीतला आवाज चढलेला असतो. सेवा केंद्राकडं माल नाही, म्हणून ते दुप्पट मागतं. डीलर घाबरून चौपट मागतो. प्लांट रात्रंदिवस माल काढतो. मग अचानक सगळा माल एकदम येऊन पडतो आणि ऑर्डरच थांबतात. प्लांटच्या टेबलावर चिंचोक्यांचा ढीग मावत नाही. थांबवल्यावर मी प्रत्येक टेबलाला एक कागद देतो: शेतकऱ्यांची मागणी कशी बदलत गेली असेल त्याची रेघ काढा. प्लांटवाले डोंगर आणि दरी काढतात. मग मी पत्त्यांची गड्डी सरळ करून भिंतीला लावतो. पहिले चार आठवडे चार-चार पाकिटं, पाचव्यापासून आठ, आणि शेवटपर्यंत आठच. मागणी एकदाच बदलली होती.

जालन्यातले एक सेल्स मॅनेजर, दर जूनमध्ये प्लांटवर फोनवरून ओरडणारे, त्या भिंतीसमोर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "म्हणजे दरवेळी पावसानंच केलं असं नाही. आपणच एकमेकांना घाबरवत होतो."

खऱ्या खरिपात मागणी पावसावर हलतेच, हे मीही जाणतो आणि त्यांनाही सांगितलं. पण गोंधळातला किती भाग पावसाचा आणि किती आपला, हे वेगळं करून बघण्याची सोय हा खेळ करून देतो. त्यांनी पुढच्या हंगामात डीलरकडचा शिल्लक माल दर सोमवारी प्लांटला कळवायला सुरुवात केली. नेतृत्वावर तासभर भाषण देऊन मी त्यांना हे पटवू शकलो नसतो.

आपल्या मातीतला खेळ हवा असेल तर खो-खो घ्या. धाराशिवच्या सारिका काळेला खो-खोसाठी २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला, हे सांगितलं की त्या भागातली माणसं ताठ बसतात. पन्नाशीच्या माणसांना पळवायचं नाही, मी चालत खो-खो खेळवतो, नियम सगळे तेच. आठ जण पाटीवर आलटून पालटून उलट-सुलट तोंडं करून बसलेले. पाठलाग करणाऱ्याला उलटं फिरता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. म्हणजे एका माणसाला एकट्यानं गडी पकडणं जवळजवळ अशक्य, त्याला काम सोपवावंच लागतं. खो पाठीमागून द्यायचा, हात लावून आणि मोठ्यानं म्हणून. आणि दिल्यावर स्वतः लगेच बसायचं. चर्चेत मी एवढंच विचारतो: खो दिल्यावर तुम्ही लगेच बसलात का? काम सोपवून पुन्हा मधे मधे पळणारा मॅनेजर स्वतःलाच ओळखतो.

एक चूक माझ्या हातून झालेली आहे, ती सांगणं मला गरजेचं वाटतं. सुरुवातीच्या वर्षांत मी तो मागं पडण्याचा खेळ घ्यायचो, ज्यात माणूस डोळे मिटून मागं पडतो आणि सहकारी त्याला झेलतात. एका गटात पन्नाशीचे एक गृहस्थ 'नको' म्हणत होते. गटानं टाळ्या वाजवून, नाव घेऊन घेऊन त्यांना भरीला पाडलं आणि मी ते थांबवलं नाही. त्यांना झेललं, लागलं काहीच नाही. पण दिवसभर ते एक शब्द बोलले नाहीत. संध्याकाळी बसमध्ये चढताना म्हणाले, "माझी कंबर दुखते हे चारचौघांत सांगायचं नव्हतं मला." विश्वासाच्या नावाखाली मी त्या माणसाचा विश्वास घालवला. त्यानंतर मी तो खेळ कायमचा बंद केला आणि प्रत्येक सत्राच्या आरंभी सांगतो: कुणालाही कशालाही नाही म्हणता येईल, कारण सांगायची गरज नाही, आणि नाही म्हणणारा निरीक्षक म्हणून वही घेऊन बसेल. निरीक्षकाच्या वहीतून कधी कधी सर्वांत चांगली चर्चा निघते. तुमचा ट्रेनर उंचावरून उड्या, निखाऱ्यांवरून चालणं असलं काही सुचवत असेल तर सरळ नकार द्या.

नवीन पोरं तोंड उघडत नाहीत, त्याविषयी. एमी एडमंडसन या संशोधिकेनं अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषधं देण्यातल्या चुकांचा अभ्यास केला. ज्या टीम चांगल्या समजल्या जात होत्या, त्यांच्याच चुकांचा आकडा जास्त आला. ती चक्रावली. मग लक्षात आलं की त्या टीम चुका जास्त करत नव्हत्या, उघडपणे सांगत होत्या. हे तुमच्या प्लांट हेडना जरूर सांगा. सत्रांनंतर पहिल्या दोन महिन्यांत 'जवळपास चुकलं होतं' अशा नोंदी वाढल्या तर त्यांनी रागवायचं नाही. एकदा जरी कुणाला मीटिंगमध्ये झापलं की चार सत्रांचं काम पाण्यात गेलं.

प्लांट हेडनी सत्रात एकतर इतरांसारखं दोरी धरून उतरावं, नाहीतर येऊच नये. खुर्ची टाकून चहा पीत बघणारा साहेब असला की खेळ होतो, शिकणं होत नाही. आणि उतरणार असतील तर मी आदल्या दिवशी त्यांना भेटून एकच विनंती करतो: चर्चेत तुम्ही सगळ्यांत शेवटी बोला.

या पद्धतीनं काय होत नाही तेही लिहितो. माप घ्यायचं गेज चुकीचं असेल तर गेज बदला. कंत्राटी पोरांचे पगार उशिरा होत असतील तर आधी पगार वेळेवर करा. त्या रागावर दोरीचा खेळ घेणं हा त्यांचा अपमान आहे, आणि अशी कामं मी नाकारलेली आहेत. कोल्बच्या नावावर माणसांचे शिकण्याचे चार प्रकार पाडणाऱ्या प्रश्नावल्या मिळतात, त्यावरही पैसे घालवू नका. ज्याच्या त्याच्या प्रकाराप्रमाणे शिकवलं तर माणूस जास्त शिकतो, याला भक्कम पुरावा नाही.

परिणाम मोजण्याचं म्हणाल तर फीडबॅक फॉर्म सर्वांत खालची पायरी आहे. डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन अभ्यासकानं १९५९ मध्येच चार पायऱ्या सांगितल्या होत्या: आवडलं का, समजलं का, वागणं बदललं का, कामात फरक पडला का. तिसऱ्या पायरीसाठी तुम्हाला सॉफ्टवेअर नको. महिन्यातून दोनदा, न सांगता, शिफ्ट बदलाच्या वेळी शॉपवर जाऊन उभ्या राहा. कोण आधी बोलतं, येणारा परत सांगतो का, एवढं वहीत लिहा. चौथ्या पायरीसाठी शिफ्टच्या पहिल्या दोन तासांतलं रिजेक्शन वेगळं काढून बघा. सगळ्या कारखान्याच्या आकड्यात हा फरक बुडून जातो, त्या दोन तासांत दिसतो.

बाहेरचा की घरचा? पहिली दोन सत्रं बाहेरच्याकडून घ्या, कारण वरिष्ठांना थांबवणं घरच्या माणसाला जड जातं. पण त्याच्याशी आधीच ठरवा की तिसऱ्या सत्रात तुमचे दोघं चर्चा घेतील आणि तो मागं बसेल. त्याला निवडताना कोणते खेळ येतात हे विचारू नका. मागच्या कार्यक्रमात चर्चा किती वेळ चालली आणि महिन्याभरानं तो परत गेला होता का, हे विचारा. घरचे दोघं निवडताना एक असा घ्या ज्याला शॉपवर मान आहे, आणि दुसरा पहिल्या सत्रात सर्वांत कमी बोललेला पण नेमकं ऐकणारा. त्या कारखान्यात आज शिफ्ट बदलाची पंधरवड्याची बैठक वैजापूरचा तो पोरगा घेतो. आता कायम झालाय. बैठकीच्या सुरुवातीला तो दोरीचा एक तुकडा टेबलावर ठेवतो आणि विचारतो, "कोपरा कुणाकडं आहे?"